घोडीच्या पोटातली वाळू

माझं माहेर घाटकोपरचं. डोंगराच्या उतारावर चाळ, वडील कारखान्यात फिटर, आम्ही चार भावंडं. घोडा मी पाहिलेला तो वरातीतला, तोही गॅलरीतून. लग्न जमवणाऱ्या मावशीने सांगितलं होतं की मुलगा बोरिवलीला औषधांच्या कंपनीत पर्मनंट आहे आणि घर गोराईला, खाडीपलीकडे. सासऱ्यांचा टांगा आहे ही गोष्ट मला अंगाला हळद लागल्यावर कळली. माझ्या मैत्रिणी हसून लोळल्या. मला मात्र रडू आलं होतं.

लग्नानंतर होडीतून गोराईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा टांगा समोरच उभा होता. तांबडी घोडी, कपाळावर पांढरा टिळा, आयाळीत झेंडूची माळ. सासरे लगाम धरून बसले होते. ते मूळचे मालवणकडचे. तरुणपणी मुंबईला आले आणि बोरिवलीत एका टांगेवाल्याच्या पागेत कामाला लागले. पुढे स्वतःचा टांगा केला. बोरिवली स्टेशनबाहेर रिक्षा वाढल्या तसा टांग्याचा धंदा बसत गेला, तेव्हा ते घोडी घेऊन खाडी ओलांडून इकडे आले. गोराईला सुट्टीत बीचवर येणाऱ्या माणसांना धक्क्यापासून किनाऱ्यापर्यंत जायला टांगाच लागायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासरे, हे, धाकटी नणंद आणि मी. आणि अंगणापलीकडे पत्र्याच्या छपराखाली घोडी.

सासरे घोडीला बाय म्हणायचे. मलाही बाय म्हणायचे. सकाळी बाहेरून हाक आली, "बाय, पाणी पी गो," की मी चुलीपासून ओ द्यायची आणि नणंद तोंडाला पदर लावून हसायची.

पहिले काही महिने मी छपराकडे फिरकलेसुद्धा नाही. घोडीने नुसतं फुरफुर केलं तरी मी दाराआड व्हायची. पण एका सकाळी अंगण झाडताना मला दिसलं की ती पुढचा उजवा पाय जमिनीला नीट टेकवत नाहीये. सासरे खाली बसून तिचा खूर हातात धरून बोटाने चाचपत होते. त्यांचे डोळे अधू झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कोणाला कबूल करायचे नाहीत. खुरातली माती त्यांनी काढली होती आणि तरी घोडी पाय ओढून घेत होती. मी झाडू टाकून जवळ गेले. खुराच्या आतल्या मऊ भागाच्या फटीत काहीतरी चकाकत होतं. काच होती, सोड्याच्या बाटलीची असावी.

"अण्णा, काच आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. ते माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी होती.

"तुका दिसता?"

"दिसते ना. ही काय इथे."

मी दाखवलेल्या जागी त्यांनी चिमटा लावला आणि काच अलगद ओढली. थेंबभर रक्त आलं. त्यांनी मिठाच्या कोमट पाण्यात खूर बुडवून ठेवला. मग म्हणाले, "बाय, आता तुझे डोळे माका दी."

हे सगळं मी आता मोठ्या तोऱ्याने सांगते, पण त्या वेळी मला त्या वाक्याचा अर्थही पुरता कळला नव्हता.

संध्याकाळी हे कंपनीतून येताना जनावरांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन आले. डॉक्टर तरुण होते, मराठवाड्यातल्या खेड्यातून शिकून आलेले, घराण्यात पहिले शिकलेले. बोरिवली-दहिसरकडच्या तबेल्यांतल्या म्हशी हे त्यांचं रोजचं काम, पण घोड्याचंही त्यांना चांगलं कळायचं. त्यांनी जखम पाहिली, औषध भरलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. खुराची जखम कितीही बारीक असू दे, घोड्याला धनुर्वात पटकन होतो आणि झाला की जनावर हातचं जातं, तेव्हा इंजेक्शनाला कधी उशीर करायचा नाही, असं त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. सासरे हे जाणून होते. यांना नि मला नवीन होतं. मी चहा दिला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की काच कोणाला दिसली. सासऱ्यांनी माझ्याकडे हात केला.

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. सासऱ्यांची शिकवायची पद्धत वेगळी होती. ते आधी घोडीला हात लावू द्यायचे नाहीत. छपराच्या तोंडाशी उभं राहून नुसतं बघायचं आणि काय दिसतं ते बोलायचं. कान कुठे आहेत, रात्रीची चंदी, म्हणजे दाणा, संपवली का, पाणी किती प्यायली, लीद किती आणि कशी पडली आहे, चारही पायांवर वजन सारखं आहे का. मी सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे.

"आधी नीट बघ, मगे हात लाव," असं त्यांचं चाले. "तिका काय होता ता ती सांगूची नाय. आपणच वळखूक व्हया."

मग हात लावायची पाळी आली. वरचा ओठ उचलून हिरडी बघायची. गुलाबी आणि ओलसर असली की बरं. अंगठ्याने दाबून सोडली की पांढरा डाग उमटतो तो लगेच परत गुलाबी व्हायला हवा. जबड्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं की नाडी लागते. कुशीला कान लावला की आतडी गुरगुरताना ऐकू येतात, आणि ती गुरगुर ऐकू आली की निश्चिंत व्हायचं. पहिल्यांदा कुशीला कान लावला तेव्हा पळायच्या तयारीत माझा एक पाय मागेच होता. घोडीने मान वळवून माझ्या वेणीचा वास घेतला आणि परत गवताकडे तोंड केलं. तिने मला तेव्हाच घरातलं मानलं, माझंच उशिरा झालं.

पावसाळ्यात खुरांनी आम्हाला छळलं. गोराईला पावसात चिखल, त्यात खाडीचं खारं पाणी. एका पायाच्या खुरात काळपट ओल साठली आणि कुजका वास येऊ लागला. मी नाक मुरडलं तसे सासरे म्हणाले की हा वास नीट ओळखून ठेव, उद्या मी नसलो तर नाकच सांगेल. आम्ही छपराखालची जमीन उंच करून घेतली, ओली लीद साचू दिली नाही, खूर रोज साफ करून कोरडे पुसले आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध फटीत भरलं. नालबंद दहिसरहून यायचा, त्याला येण्याची आठवण करणं माझ्याकडे आलं. थंडीत ती खोकायला लागली तेव्हा मला गवताच्या भाऱ्यातून उडणारी धूळ दिसली. डॉक्टरांना विचारून आम्ही गवत पाण्यात भिजवून, निथळून घालायला लागलो आणि खोकला थांबला. छातीवरच्या पट्ट्याने कातडी सोलवटली तेव्हा मी यांचा जुना लोकरीचा स्वेटर फाडून पट्ट्याला आतून शिवला. यांनी कुरकुर केली. पण धक्क्यावर उभ्या असलेल्या सगळ्या घोड्यांत एकही घट्टा नसलेली घोडी आमची होती. मी आल्यागेल्याला ती दाखवायची.

सासऱ्यांना आता रस्ताही धड दिसत नव्हता. ऑपरेशनला तयार नव्हते. डोळ्याला सुरी लावायची म्हटलं की उठून जायचे. मग मी टांग्यावर त्यांच्या शेजारी बसू लागले. लगाम त्यांच्या हातात आणि डोळे माझे. डावीकडे सायकल, पुढे खड्डा, समोरून बैलगाडी, असं मी सांगत जायची. सून सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून टांग्यावर बसते म्हणून सुरुवातीला गावात कुजबुज झाली. सासऱ्यांच्या कानावर आली तेव्हा ते धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाले की माझे डोळे माझ्या शेजारी बसतील नाहीतर कुठे बसतील. त्यानंतर कोणी बोललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घोडीचं पोट दुखायला लागलं. एकदम जोराने नाही. मधूनच ती चंदी अर्धी टाकायची, मान वळवून कुशीकडे बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची. तासाभराने परत ठीक. सासरे म्हणाले पोटात वारा धरलाय. नणंदेने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, कारण घोडी तेव्हा दिसायलाच तशी होती आणि सुट्टीतली माणसं तिच्या कौतुकात कमी करायची नाहीत. मी दृष्ट काढू दिली. त्याने घोडीला अपाय नव्हता. पण डॉक्टरांनाही निरोप धाडला. ते येऊन तपासून गेले तेव्हा ती अगदी धडधाकट उभी होती. त्यांनी दात बघितले, जंताचं औषध दिलं आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं ते मला समोर उभं करून सांगितलं. तोंडापुढचं सगळं खाणं काढायचं. शांत उभी राहिली किंवा शांत पडून राहिली तर राहू द्यायचं. लोळायला लागली तर उठवून हळूहळू चालवायचं, पण दमवायचं नाही. आणि बाटलीने तोंडात काहीही ओतायचं नाही, कारण घोडा ते गिळेलच असं नाही, फुफ्फुसात गेलं तर पोटदुखीने नाही पण त्याने मरेल; औषध घालायचंच तर डॉक्टर ते नळीने थेट पोटात घालतात.

मे महिन्याच्या ऐन सुट्टीत, भर दुपारी ते झालं. धक्क्यावरून एक कुटुंब घेऊन आम्ही किनाऱ्याकडे निघालो होतो. अर्ध्या वाटेवर घोडी थांबली. सासऱ्यांनी जिभेने टकटक केलं तरी हलेना. मी खाली उतरून बघितलं तर मानेवर घाम डबडबलेला, नाकपुड्या फुगलेल्या, वरचा ओठ उलटा वळवलेला. बघता बघता तिचे पुढचे गुडघे मोडायला लागले. टांग्यासकट ती खाली बसली असती तर पाय मोडला असता.

मी त्या कुटुंबाला उतरायला सांगितलं. भली माणसं होती, पोरांना घेऊन मुकाट उतरली आणि त्यातल्या गृहस्थांनी टांग्याच्या दांड्या वर धरून ठेवल्या, तोवर सासऱ्यांनी हाताच्या सवयीने पट्टे सोडवले आणि मी घोडीला बाहेर ओढलं. बाहेर येताच ती वाळूत लोळायला बघू लागली. मी लगाम धरून तिला चालवत घराकडे वळवलं. सासरे तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारून चालत होते.

घरी पोचल्यावर नणंदेला धक्क्यावर पिटाळलं. बोरिवलीला जा, डॉक्टर दवाखान्यात नसतील तर तबेल्यांत शोध, पण घेऊनच ये. ओहोटी लागली होती. ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही, चिखलातून चालत जाऊन बसावं लागतं. ती पोरगी साडी खोचून धावली.

मी हिरडी दाबून बघितली. रंग फिकट झाला होता, पण परत येत होता, जरा सावकाश. कुशीला कान लावला. एका बाजूला काहीच ऐकू आलं नाही. ती शांतता मी कधी विसरणार नाही. मी सासऱ्यांना सांगितलं तसे ते घोडीच्या मानेला कपाळ टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "चालव. मी धरतंय, तू बघ."

अंगणात माणसं जमली. धक्क्यावरचा सगळ्यात जुना टांगेवाला आला. तो गावातलाच, ख्रिश्चन, वयाने सासऱ्यांच्या बरोबरीचा आणि त्यांचा जिवाचा दोस्त. त्याच्या हातात बाटली होती. गावठी दारूत ओवा आणि गोडं तेल कालवून आणलं होतं. त्याच्या बापाच्या वेळेपासून घोड्याच्या पोटात दुखलं की हेच पाजायचे, आणि त्याने काही घोडी उठलेलीही होती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. घोडीची अवस्था बघून त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दोघातिघांनी घोडीची मान वर धरायची तयारीसुद्धा केली.

मी मध्ये उभी राहिले.

"काका, पाजायचं नाही."

तो म्हणाला, पोरी, डॉक्टर येईस्तोवर घोडी राहील का? बाकीचेही बोलायला लागले की कालची आलेली सून, हिला काय कळतं, वडीलधारे सांगतायत ते ऐकावं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याकडे डॉक्टरांच्या एका वाक्याशिवाय काहीच नव्हतं. घोडी मेली असती तर जन्मभर गावाने मला बोल लावला असता. पण ते वाक्य मी मन लावून ऐकलं होतं आणि ते मला पटलेलं होतं.

"फुफ्फुसात जाईल, काका. डॉक्टर नळीने थेट पोटात घालतात. ते येतायत. तोवर काही नाही."

सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. घोडी त्यांची, घर त्यांचं. ते लगाम धरून उभे होते. मित्राच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून ते म्हणाले, "बाय सांगता तसा. आज घोडी तिची."

जुन्या टांगेवाल्याने बाटली बाजूला ठेवली, बाही वर केली आणि विचारलं की मग मी काय करू. मी म्हटलं, अण्णांचा हात दुखेल, आळीपाळीने चालवू या. तो तिथून हलला नाही. मग तिघांनी मिळून तिला चालवलं. ती थांबली की थांबू द्यायची, लोळायला बघितलं की उठवायची. ओल्या फडक्याने मी तिची मान पुसत होते. मधूनच ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायची आणि तिच्या श्वासाची गरम वाफ माझ्या कानावर यायची.

उन्हं कलायला लागली तेव्हा डॉक्टर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या चिखलाने माखलेल्या, औषधांची बॅग डोक्यावर. मागून नणंद, तिच्या हातात त्यांचे बूट. तिने त्यांना तबेल्यात एका म्हशीपाशी उभे असताना गाठलं होतं.

त्यांनी आल्याबरोबर मला विचारलं आणि मी सांगितलं. कधी सुरू झालं, लीद शेवटची कधी पडली, हिरडी कशी होती, कुठल्या बाजूला आवाज नव्हता, तोंडात काही दिलेलं नाही. ते मान हलवत ऐकत होते आणि हात चालू होते. स्टेथोस्कोप लावून दोन्ही कुशी ऐकल्या. हातमोजा घालून आतून तपासलं. दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं. मग नाकातून लांब नळी हळूहळू आत सारली, ती जठरातच गेली आहे याची खात्री केली आणि तिच्यातून पॅराफिनचं तेल आणि पाणी सोडलं. मी नळीचं वरचं टोक उंच धरून उभी होते. काही वेळाने तिने मान खाली घातली आणि डोळे अर्धे मिटले.

आतड्याला पीळ पडला असेल तर आपल्या हातात काही नाही, पण तसं वाटत नाही, पोटात काहीतरी जड साठलंय, असं ते म्हणाले. त्या दिवशी ते परत गेले नाहीत. आमच्याकडेच भात-आमटी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीने लीद टाकली. मी इतकी जोरात हाक मारली की शेजारपाजारचे धावत आले. लिदीसाठी एवढा आनंद झालेली बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नसेल.

डॉक्टरांनी ती लीद हातात घेतली, बोटांनी चोळली आणि माझ्याकडे पाण्याची पारदर्शक बरणी मागितली. घरात लोणच्याची रिकामी बरणी होती. तिच्यात पाणी भरून त्यांनी लीद टाकली, ढवळली आणि ओट्यावर ठेवली. गवताचे तुकडे वर तरंगले. तळाशी मात्र हळूहळू काहीतरी बसत गेलं. पांढुरकं, बारीक, चमकणारं. बघता बघता जाड थर झाला.

वाळू होती. गोराईचीच वाळू.

मग सगळं उलगडलं. आमच्या अंगणात वाळूच वाळू. गवत आम्ही जमिनीवर टाकायचो, चंदी गोणपाटावर. उन्हाळ्यात हिरवं काही नसलं की घोडी पडलेला दाणा न् दाणा चाटून खायची आणि त्याबरोबर वाळूही पोटात जायची. सासरे बरणी हातात घेऊन अंगठा तिच्या तळावरून फिरवत राहिले. बोरिवलीच्या पागेत दगडी फरशी होती, तिथे जमिनीवर घातलं तरी काही बिघडायचं नाही. इथे वाळू आहे हे माहीत असूनही ती पोटात जात असेल हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही कामाला लागलो. एका मोडक्या होडीच्या फळ्या मिळाल्या, त्यांची बुटकी, रुंद गव्हाण केली. यांनी कंपनीतल्या भंगारातून रबरी पट्ट्याचा मोठा तुकडा परवानगीने आणला, तो गव्हाणीखाली अंथरला. म्हणजे खाली पडलं तरी वाळूत पडायला नको. डॉक्टरांनी महिन्यातून काही दिवस भिजवलेल्या कोंड्यात इसबगोल घालायला सांगितला. मी बोरिवलीच्या वाण्याकडे इतका इसबगोल मागितला की त्याने काळजीने विचारलं, घरात कोणाचं पोट बिघडलंय एवढं? मी म्हटलं, आमच्या मोठ्या बायचं. दर आठवड्याला मी बरणीत लीद ढवळून बघायची. तळाशी बसणारा थर पातळ होत गेला आणि पावसाआधी जवळजवळ नाहीसा झाला. ती बरणी मी धुऊन पुसून खिडकीत ठेवायची, पण तिच्यात परत लोणचं घालायला नणंदेने मला कधी दिलं नाही.

जुना टांगेवाला एक दिवस स्वतःची बरणी घेऊन आला. त्याच्या घोड्याच्या लिदीतही वाळू निघाली. तो बरणी घेऊन परत गेला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गव्हाणीचं माप घ्यायला सुतार घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ बाकीचे आले. कोणाकडे सिमेंटची झाली, कोणी जुना टायर अर्धा कापून वापरला. ज्यांनी मला कालची सून म्हटलं होतं त्यांच्या बायकाही घोड्याचा खूर दाखवायला मला बोलावू लागल्या. जे मला कळायचं ते सांगायची. जे कळायचं नाही तिथे डॉक्टरांना आणा असं सांगायची, आणि हेही सांगायची की वेळ घालवू नका.

त्या वर्षी सासरे आपण होऊन डोळ्यांच्या ऑपरेशनला तयार झाले. घोडीने नाकातून नळी घालून घेतली तर मी सुरीला काय घाबरू, असं म्हणाले. चष्मा लागला आणि त्यांना दिसायला लागलं. तरी टांग्यावरची माझी जागा त्यांनी मोडली नाही. उलट लगाम माझ्या हातात दिला आणि आपण शेजारी बसू लागले. बोरिवलीहून येणारे लोक धक्क्यावर उतरून आधी माझ्याकडे बघायचे, मग सासऱ्यांकडे. काही जण दुसरा टांगा शोधायचे. पण बरेचजण बसायचे, आणि बसणाऱ्यांतल्या बायका पुढे माझ्याजवळ सरकायच्या.

नाताळच्या आधी डॉक्टरांनी धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत सगळ्या टांग्यांची घोडी तपासायचं ठरवलं. सकाळपासून रांग लागली. मी त्यांच्या हाताखाली होते. घोड्याचा पाय उचलून धरायचा, ओठ वर करायचा, मालक सांगतो ते ऐकून डॉक्टरांना थोडक्यात सांगायचं. कोणाच्या दातांना धार आली होती म्हणून चंदी तोंडातून गळत होती, ते दात त्यांनी कानशीने घासले. कोणाच्या पाठीला घट्टे होते. एका घोड्याचे नाल किती दिवस बदललेच नव्हते. डॉक्टर कोणाला रागावून बोलले नाहीत. आमच्या घोडीची पाळी आली तेव्हा त्यांनी तिचे चारही पाय बघितले, दात बघितले, छातीवर हात फिरवला. मग जमलेल्या माणसांना जवळ बोलावून म्हणाले, "खूर असे असावेत. बघून घ्या."

सगळे वाकून बघायला लागले. घोडी कान पुढे करून ऐटीत उभी. सासरे नव्या चष्म्यातून एकेकाचा चेहरा न्याहाळत होते. हे कंपनीतून खास सुट्टी काढून आले होते. ते गर्दीच्या मागे उभे होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते की ती हिरव्या साडीतली आहे ना, पाय धरून बसलेली, ती माझी बायको.

मी वर बघितलं नाही. खूर माझ्या मांडीवर होता आणि डॉक्टर अजून बोलत होते.